उसनं पाणी

१० फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,
अनेक आशीर्वाद.

तुमचं पार्सल काल पोचलं. मोजून घेतलं ते असं: मोठे रबरी पाइप दोन, कोपरासारखा वाकडा एक, पत्र्याच्या क्लिपा आठ, पितळी झडप एक, रेडिएटरचं नवं झाकण एक आणि पंख्याचा पट्टा एक. वाहतुकीचे पासष्ट पडले. हमाल दहा मागत होता, त्याला पाचावर आणला. पट्टा आम्ही मागवला नव्हता, म्हणजे तो तुमच्या पदरचा दिसतो. त्याचे पैसे तुमच्या नावावर जमा धरले आहेत. नको म्हणू नका. नातं नात्याच्या जागी, हिशेब हिशेबाच्या.

ज्या गाडीसाठी हे सामान आधीच मागवून ठेवलं, ती परवाच ताब्यात मिळून दारात आली. लष्कराच्या लिलावातली, तुम्ही चालवायचात तसलीच. तुमच्या दादांनी कारखाना सोडताना मिळालेला फंड सगळा तिच्यात ओतला. मी म्हटलं, अर्धा तरी राखून ठेवा. तर म्हणाले, "अर्धी गाडी मिळते का कुठे?" आता ती स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, पत्र्याच्या छपराखाली उभी आहे. भांडी घासताना खिडकीतून तिचं नाक दिसतं. हिरवा रंग थरावर थर चढवलेला, दिवे डोळ्यांसारखे खोल गेलेले.

लिलावाच्या मैदानापासून घरापर्यंत तीन वेळा उकळली. गल्लीत शिरली ती वाफेच्या ढगातून. शेजारीण म्हणाली, "अहो, ट्रक आणायला गेले होते ना? रेल्वेचं इंजिन कसं आलं?" तुमच्या दादांना मात्र तिचं कौतुक. बादली आणून तोंडाशी ओतली, बॉनेट थोपटलं आणि म्हणाले, "दमलीस बाई! पी, पोटभर पी. लाजू नकोस, हे घर आपलंच समज." आम्ही पोट धरून हसलो.

हसून झालं, आता काळजी. पुढच्या महिन्यापासून वीटभट्टीचा माल वाहायचं ठरलं आहे. गाडी चालली तर घर चाललं, असा मामला. नाक्यावरचा ठोक्या मिस्त्री म्हणतो रेडिएटर फेका, नवा घाला. तो कोणाचंही काहीही फेकायला सांगतो. तुम्ही वीस वर्षं या गाड्यांच्या पोटाखाली काढलीत. घरच्या घरी आतून धुवायची कशी, ते सविस्तर लिहा. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या बाईला कळेल असं लिहा, कारण वाचून दाखवायचं काम माझ्याकडेच आहे. आणि पाणी कमीत कमी कसं लागेल तेही सांगा. नळ दिवसाआड येतो.

तुमची,
वहिनी


१९ फेब्रुवारी

सौ. वहिनींना सादर नमस्कार.

पट्ट्याचे पैसे माझ्या नावावर जमा केलेत म्हणजे माझी एक पेढीच उघडली म्हणायची. इथे एकट्या माणसाची खोली, गिरणीतल्या पंपांची दुरुस्ती आणि घरमालकीणबाईंची बडबड, याशिवाय खर्चाला वाट नाही. तेव्हा राहू द्या जमा.

आता कामाचं. पाठ करू नका, समजून घ्या. इंजिन म्हणजे तुमची चूल आणि रेडिएटर म्हणजे खिडकी. पाणी चुलीपाशी तापतं, खिडकीपाशी जाऊन वारा खातं आणि परत चुलीकडे येतं. तुमच्या गाडीच्या खिडकीला वर्षानुवर्षांचा क्षार आणि गंज बसला आहे, म्हणून तिचा जीव घुसमटतो.

गाडी पुरती थंड असताना झाकण काढायचं. तापलेली असताना झाकणाला हात लावाल तर तोंड भाजेल, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओताल तर लोखंड तडकेल. या दोन चुकांत मी चांगली माणसं आणि चांगली इंजिनं गेलेली पाहिली आहेत. तोट्या दोन असतात. एक रेडिएटरच्या बुडाशी, ती सगळ्यांना दिसते. दुसरी इंजिनाच्या कुशीला, ती कोणी उघडत नाही म्हणून गाळानं बसलेली असते. तारेनं टोचा, येईल.

सगळं काढलं की धुण्याचा सोडा कोमट पाण्यात विरघळवून भरा आणि दादाला गाडी अर्धा तास उभ्या जागी चालू ठेवायला सांगा. मग हाताला सोसेल इतकी निवू द्या आणि काढा. त्यानंतर जुने पाइप सोडवा, जुनी झडप काढा, आणि नळीचं पाणी खालच्या तोंडातून वर चढवा. उलटं. सुलट पाण्यानं गाळ आत बसतो, उलट्यानं सुटतो. स्वच्छ येईपर्यंत थांबू नका. नवे पाइप, नवी झडप बसवा आणि भरताना वरचा पाइप हातानं दाबत राहा, म्हणजे गाडी ढेकर देईल आणि आतली हवा जाईल. भरायला विहिरीचं जड पाणी नको. उकळून, निवळून घ्या. धुतल्याचं मळकं पाणी अंगणातल्या झाडांना चालणार नाही, एवढी काटकसर माफ करा.

आणखी एक. किती बादल्या घातल्या ते मोजा आणि आठवड्यानं काढाल तेव्हा किती निघाल्या तेही मोजा. का ते विचारू नका. लष्करातली खोड म्हणा. तुम्हाला मोजायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगण्यासारखं आहे, ठाऊक आहे.

आपला,
भाऊजी


५ मार्च

प्रिय भाऊजी,
आशीर्वाद.

देवाच्या कृपेनं गाडी धुऊन झाली. पहिलं पाणी आलं ते वीट कालवल्यासारखं लाल, आणि त्यात खपल्या. कुशीची तोटी तुम्ही म्हणालात तशी बसलेली होती. तार वाकली, तेव्हा मी विणायची सुई घातली. थोडा वेळ काहीच नाही. मग आतून कोणी उसासा टाकावा तसा आवाज आला आणि काळं पाणी भळभळलं. तुमचे दादा गाडीखाली आडवे होते, सगळं छातीवर आलं. मी म्हटलं, "आता तुम्हालाही सोड्यात घालते." उलट्या पाण्याच्या चौथ्या खेपेला स्वच्छ यायला लागलं.

रेडिएटरची वरची टाकी घासताना रंगाचे पापुद्रे निघाले, त्याखाली पांढऱ्या रंगानं एक शब्द लिहिलेला सापडला: मोजून. पुढेमागे काही नाही. आम्ही खूप डोकं लढवलं. मला तर शब्द आवडला, देवघरावरसुद्धा लिहावा असा आहे.

गाडी आता अशी चालते की बघत राहावं. विटा भरून चढ चढते, तापमानाचा काटा जागचा हलत नाही. ठोक्या मिस्त्री येऊन हात लावून गेला आणि या वेळी काहीच फेकायला सांगितलं नाही, यातच सगळं आलं.

पण हिशेब जुळत नाही, म्हणून लिहिते. भरताना बादल्या घातल्या पाच. आठवड्यानं तुम्ही सांगितल्याप्रमाणे काढल्या, तर निघाल्या सहा. बादली तीच, मोजणारी तीच. पुन्हा पाच घातल्या, चार दिवसांनी काढल्या, पुन्हा सहा. मधे कोणी थेंब घातला नाही. तुमचे दादा म्हणाले, "अगं, पाऊस पडला असेल तिच्यात." छपराखाली? आणि पाऊस आहे कुठे? मला वाटलं गाडी पाणी खाईल, ही तर पाणी देते. त्या जास्तीच्या बादलीनं मी दोन्ही वेळा फरशी पुसली. नळ दिवसाआड असताना फुकटचं पाणी ओतवेना. फरशी वाळल्यावर मात्र पांढरट डाग राहिले, मीठ लागलेल्या हाताच्या ठशांसारखे.

बाकी घरात ठीक. उन्हं वाढली आहेत. तुमचे दादा भट्टीवरून आले की तांब्यावर तांब्या रिकामा करतात. माठ संध्याकाळपर्यंत तळाला जातो. एवढं काम म्हणजे तहान लागणारच.

तुमची,
वहिनी


१३ मार्च

सौ. वहिनींना नमस्कार.

हे पत्र घाईत लिहितो आहे, हसू नका आणि दादाला दाखवू नका.

गाडी दारात आली त्या दिवशी दादानं तिला पहिलं पाणी पाजलं, तेव्हा तो काय बोलला ते तुम्ही लिहिलं होतं. मी तेव्हा वाचून हसलो होतो आणि ते पत्र कुठे ठेवलं ते सापडत नाही. तो नेमकं काय म्हणाला? शब्द हवे आहेत, अर्थ नको. 'आपलं' म्हणाला का?

दुसरं, जास्तीच्या पाण्यानं फरशी पुसू नका. आणि दादाच्या अंगाला घाम येतो का, ते बघून लिहा.

आपला,
भाऊजी


२२ मार्च

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी ह्यांना भट्टीवरून उचलून आणलं. गाडी थांबवून उतरायला गेले ते उतरलेच नाहीत, स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. भट्टीवरची माणसं म्हणाली, हाक मारली तर ओठ हलायचे, आवाज येत नव्हता.

घामाचं विचारलंत. वाचलं आणि मी कपड्यांच्या ढिगापाशी जाऊन बसले. इतक्या वर्षांत ह्यांची बनियनं घासून घासून माझी बोटं झिजली. गेल्या पंधरवड्यातली बनियनं नुसती विटकरीच्या धुळीची होती. मानेचा पट्टा कोरडा. वास नाही. मी मनात म्हणत होते, बरं झालं, साबण कमी लागतो. माझी काटकसर मला कुठे घेऊन आली बघा.

डॉक्टर आले. साखर तपासली, साखर नाही. म्हणाले, "अंगातलं पाणी गेलंय." हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते, पापडासारखी. सलाइनच्या बाटल्या चढवल्या. डॉक्टर बाटलीकडे बघतात, ह्यांच्याकडे बघतात आणि म्हणतात, "जातंय कुठे?" मी खिडकीतून गाडीच्या नाकाकडे बघत होते.

तुम्ही शब्द विचारलेत. ते असे: "पी, पोटभर पी. लाजू नकोस, हे घर आपलंच समज." म्हणजे हो, 'आपलंच' म्हणाले. आपण कोणाला नाही म्हणत? पाहुणा आला, जावई आला, वीजमीटर बघणारा आला तरी म्हणतोच की.

पुढचंही लपवत नाही. मी गाडी रिकामी केली. दोन्ही तोट्या सोडल्या, सुई घालून पाहिली, थेंब राहिला नाही. ठोकून पाहिलं, रिकाम्या हंड्यासारखा आवाज आला. स्टिअरिंगला पुठ्ठा बांधला, त्यावर लिहिलं 'पाणी नाही'. फाटकाला कुलूप घातलं, किल्ली माझ्याच कमरेला. सकाळी उजाडल्यावर जाऊन ठोकलं तर आवाज दबका. झाकण उघडलं. काठोकाठ. नितळ. हात घातला तर कोमट, भाऊजी. इंजिन दोन दिवस बंद, पहाटेचा गारवा, आणि पाणी कोमट, तापातल्या कपाळासारखं. बोट जिभेला लावलं. खारट.

घरात परतले तर ह्यांना हाक ओळखू येत नव्हती.

आता पुन्हा रिकामी करायचं धाडस होत नाही. मी काढलं की ती ह्यांच्यातून भरते, एवढं मला कळलं. ठोक्या म्हणतो, विका, मी घेतो. पण गाडी गेली आणि ह्यांचं पाणी घेऊनच गेली तर? देवापुढे बसते, पण काय मागावं ते सुचत नाही. तुम्हाला काही ठाऊक असेल तर आता राखून ठेवू नका.

वहिनी


२९ मार्च

सौ. वहिनींना नमस्कार.

हे रजिस्टर्ड पाठवतो आहे. तुम्हाला वेड्याचं बोलणं वाटेल, तरी करा.

आमच्या तुकडीत सकाळी गाड्यांना पाणी घालताना एक रीत होती. उस्ताद रांगेतून चालत यायचा आणि प्रत्येक ड्रायव्हरला विचारायचा, "पाणी कोणाचं?" ड्रायव्हरनं बादली हातात धरूनच ओरडायचं, "माझं!" मग तो म्हणायचा, "दिलं कसं?" "मोजून!" नव्या पोरांना वाटायचं, पाणी वाया जाऊ नये म्हणून हे नाटक. मलाही तसंच वाटायचं. काही गाड्यांच्या टाकीवर तो शब्द रंगवलेलाही असायचा. सगळ्या गाड्यांवर नाही, काहींवरच. तुमच्या गाडीवर तो सापडला हे वाचलं तेव्हा माझा चहा तसाच राहिला.

उस्ताद म्हणायचा, "गाडीला पाणी उसनं द्यायचं असतं, दान नाही. उसनं घेणाऱ्याला परत द्यायची लाज असते. ज्याला आपलं म्हटलं, तो मागत नाही, घेतो." आमच्यात एक ड्रायव्हर होता, मऊ काळजाचा. आम्ही त्याला 'मावशी' म्हणायचो. एका उन्हाळ्यात तो गाडीला म्हणाला, "घे गं, सगळं तुझंच." त्याची गाडी मग कधी तापली नाही. एरवी तो दोन माणसांना न उचलणारा गडी, इस्पितळात नेला तेव्हा एकानंच उचलला, इतका वाळला होता. पुढचं लिहीत नाही.

आता करायचं ते असं. सकाळी, उजेडात, गाडी थंड असताना दोन्ही तोट्या सोडा. घाबरू नका, या वेळी लगेच भरणार आहात. तोट्या बंद करा. पहिली बादली उचला, आणि ओतण्याआधी तिला सांगा की पाणी माझं आहे, तुला उसनं दिलंय, मोजून परत घेईन. मनातल्या मनात नाही, तोंडानं. मग मोजून भरा. एवढंच. आपलं, तुमचं, घरचं असलं काही बोलू नका. एकाच माणसाचं नाव लागलं पाहिजे पाण्याला.

दादाचं कळवा.

भाऊजी


८ एप्रिल

प्रिय भाऊजी,
अनेकोत्तम आशीर्वाद.

देव पावला. तुमचे दादा आत्ता अंगणात बाजेवर बसून लिंबाचं सरबत पीत आहेत आणि साखर कमी पडली म्हणून कुरकुरत आहेत. माझ्या जिवाला केवढा थंडावा वाटला म्हणून सांगू!

तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या सकाळी अंघोळ करून, देवाला नमस्कार करून गाडीपाशी गेले. तोट्या सोडल्या. सात बादल्या निघाल्या. तोट्या बंद केल्या, पहिली बादली उचलली. लोखंडाशी बोलायचं म्हणजे लाजच वाटते, तीही शेजारीण दोरीवर कपडे वाळत घालत असताना. पण तुमचं पत्र पदराला बांधलेलं होतं. तेच समोर धरलं आणि तुमचा निरोप पोचवला. म्हटलं, "बाई, आमच्या भाऊजींनी सांगितलंय की पाणी त्यांचं आहे, तुला उसनं दिलंय, मोजून परत घेतील." माझ्या मनाचं एक अक्षर घातलं नाही. शेजारीण म्हणाली, "कोणाशी बोलताय हो?" मी म्हटलं, "जावेशी." तिला कळलं नाही, कारण मला जाऊच नाही. तुम्ही लग्न केलं असतंत तर असती.

पाच बादल्या घातल्या. हात धुऊन आत आले तर ह्यांच्या कपाळावर दव पडावं तसे बारीक थेंब. मी पदरानं टिपले आणि पदर तसाच नाकाला लावला. घामाचा वास! इतक्या वर्षांत त्या वासाला नाक मुरडलं, त्या दिवशी रडले. संध्याकाळी हे बोलले. पहिलं वाक्य काय, तर "भट्टीवाल्यानं खाडा धरला का?"

आता भट्टीवरही जायला लागतील. ह्यांनी गाडी गल्लीत फिरवून पाहिली, थंडच चालते आहे. पाणी अजूनही मागत नाही. तुमचे उपकार कुठल्या खात्यावर लिहू ते कळत नाही.

तुमची,
वहिनी


१९ एप्रिल

सौ. वहिनींना नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दादा बसून सरबत पितो आहे आणि कुरकुरतो आहे, म्हणजे तो बरा झाला याची खात्री पटली.

निरोप अगदी नीट पोचवलात. आता त्यात फेरफार करायचा नाही. गाडीशी पुन्हा बोलू नका, तोट्या सोडू नका, मोजू नका. चालली आहे तशी चालू द्या. एकदा सांगितलं ते सांगितलं.

इथे उन्हाळा कडक आहे. घरमालकीणबाई म्हणतात, "तुमच्या खोलीतच विहीर खणून देते, माझा जिना तरी झिजायचा वाचेल." कांदा चिरताना डोळ्यांना पाणी येत नाही, तेवढा एक फायदा झाला. गिरणीत जात नाही चार दिवस, कंटाळा येतो. अक्षर वाकडं आलं आहे, चालवून घ्या. पाकिटाला लावायला जिभेवर ओल नव्हती म्हणून खळ करून लावली आहे. उघडताना फाटलं तर माझ्या नावावर खर्ची टाका.

दादाला नमस्कार. त्याला म्हणावं, तू धडधाकट राहा.

भाऊजी


२५ एप्रिल

प्रिय भाऊजी,

तुमचं पाकीट उघडायला सुरी घ्यावी लागली. खळ दगडासारखी वाळली होती. पत्र उभ्या उभ्या वाचलं.

तुमचं आधीचं पत्र काढून पुन्हा वाचलं. 'तिला सांगा की पाणी माझं आहे.' म्हणजे मी म्हणायचं होतं, माझं. बादली जिच्या हातात, तिचं. रांगेतल्या ड्रायव्हरनं ओरडायचं तसं. आणि मी शहाणी, निरोप्यासारखा निरोप दिला: पाणी भाऊजींचं आहे. तुमचंच नाव लावलं मी पाण्याला, आणि ते मोजून परत घ्यायला तुम्ही इथे नाही.

माझी चूक ती माझी. पण तुम्ही? मी काय बोलले ते शब्दाला शब्द लिहिलं होतं. तुम्ही ते दोनदा वाचलंत, तुम्हाला कळलं, आणि वर लिहिता की निरोप नीट पोचवलात, आता फेरफार करायचा नाही! थोरल्या वहिनीला फसवता? मी सगळं ह्यांना वाचून दाखवलं. हे उठून प्रवासाची पिशवी काढायला लागले. मग म्हणाले, "त्या गाढवाला लिही, लहानपणी माझा मार स्वतःवर घ्यायचा ते ठीक होतं. आता मला विचारून घ्यायचा."

म्हणून तुमचं ऐकलं नाही. आज सकाळी गाडीशी पुन्हा बोलले. तोट्या सोडल्या तेव्हा निघालेलं पाणी कोमट होतं. सहावी बादलीही भरायला लागली तेव्हा हे तोटीखाली ओंजळ धरून बसले. सातवीला थेंब थेंब येत होतं तेही सोडलं नाही. मग बादली उचलून म्हटलं, "पाणी माझं आहे. हे घर चालवते तिचं. उसनं दिलंय, मोजून परत घेईन. भाऊजींचं नाव मी काढून घेतलंय. ऐकलंस?" गल्लीला ऐकू गेलं असेल, जाऊ दे. पाच घातल्या. दुपारी पुन्हा काढून पाहिल्या: पाचच. गार. बेचव. हे मला बघतात, मी त्यांना बघते, दोघांनाही घाम आलेला आहे.

जास्तीच्या दोन बादल्या सांडल्या नाहीत. फरशीला तर नाहीच. कळशीत भरून, फडकं बांधून देवापुढे ठेवल्या आहेत. सकाळपासून दोन वेळा हात लावून पाहिला. दुपारपर्यंत कळशी कोमट होती. आता निवत चालली आहे. हे चांगलं की वाईट, ते मला सांगणारं इथे कोणी नाही.

हे आज संध्याकाळच्या गाडीनं तुमच्याकडे निघताहेत, पत्र त्यांच्याच हाती देते आहे. ते परत येऊन सांगेपर्यंत मला धीर निघणार नाही. तार केली असती. पण तारेचं उत्तर घरमालकीणबाईसुद्धा देतील, आणि तुम्ही शेजारी पडून त्यांना 'बरा आहे म्हणून लिहा' असं सांगाल. आता तुमच्या 'बरा आहे'वर माझा विश्वास नाही. मजकूर नसला तरी चालेल, कोरा कागद घाला. पण उलट टपाली पाठवा, आणि पाकिटाला खळ लावू नका, जिभेनं चिकटवा.

तुमची,
वहिनी